पाठीवरचे बिऱ्हाड आणि दरीतील पाणी : कोलोराडो पठारावरील सांघिक पायी प्रवासाचा भौगोलिक विचार

उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात यूटा, ॲरिझोना, कोलोराडो व न्यू मेक्सिको या चार राज्यांत मिळून सुमारे ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचे कोलोराडो पठार पसरलेले आहे. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्यांचे जे चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, ते या प्रदेशाला फारसे लागू पडत नाही. येथे वाळू थोडी आणि कातळ फार. हा कातळ बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडव्या थरांनी रचलेला असून कोलोराडो नदी व तिच्या असंख्य उपनद्या यांनी तो उभा चिरत नेला आहे. त्यामुळे पठारावर उभे राहून पाहिले असता दूरवर सपाट भासणारा मुलूख प्रत्यक्षात दऱ्या, घळया आणि चिंचोळ्या खाचा यांनी पार विदीर्ण झालेला आढळतो.

या प्रदेशातील दुर्गम भागांतून पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत पायी हिंडणारे लहान गट दरवर्षी जात असतात. त्यांच्या वाटेवर गाव नसते, दुकान नसते आणि पुष्कळ ठिकाणी आखलेली पायवाटही नसते. अशा प्रवासाची वर्णने बहुधा कड्यांच्या रंगांची व सूर्यास्तांची असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु भूगोलाच्या अभ्यासकाला त्यात याहून महत्त्वाचा प्रश्न दिसतो. माणसांचा गट या मुलखात कोठून उतरेल, कोठे मुक्काम करील, किती ओझे वाहील आणि गटात माणसे किती असावीत, हे कशावरून ठरते? या चारही प्रश्नांचे उत्तर पाणी हे आहे. आणि पाणी कोठे असेल हे खडकांनी ठरविलेले आहे.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला या प्रवासाची पहिली विचित्रता ही वाटते की, येथे डोंगर उलटा घातलेला असतो. गड चढणारा मनुष्य सकाळच्या गारव्यात, ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. काही बिनसले तर मागे फिरणे म्हणजे उतरणे होय. दरीत याच्या नेमके उलट घडते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिणेकडील कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे व नदीचे पात्र त्याखाली सुमारे १,४०० मीटर आहे. उतरणे सोपे, सकाळचे आणि सावलीतले. परतीची चढण मात्र थकल्या अंगाने, रिकाम्या होत चाललेल्या पाणपिशव्यांनिशी. त्यातच खाली जावे तशी उष्णता वाढते. उन्हाळ्यात कड्यावर तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असताना नदीकाठी ते चाळीस अंशांच्या वर जाते. पाऊसही तळाशी कमी होतो. दक्षिण कड्यावर वर्षाकाठी सुमारे ४० सेंटिमीटर पर्जन्य पडते, तर तळाशी त्याच्या जवळजवळ निम्मेच. म्हणजे दरीत उतरणारा मनुष्य काही तासांतच पाइनच्या रानातून खऱ्याखुऱ्या मरुभूमीत जातो, आणि सुटकेची वाट त्याच्या डोक्यावर राहते.

या प्रदेशात शिरू पाहणाऱ्या युरोपीय लोकांना हा धडा प्रथम १५४० साली मिळाला. कोरोनादोच्या स्वारीतील गार्सिया लोपेझ दे कार्देनास याची तुकडी होपी वाटाड्यांच्या साहाय्याने ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर पोहोचली. नदी खाली दिसत होती, पण तिच्यापर्यंत वाट सापडेना. तीन दिवस शोध घेतल्यावर तुकडीतील तिघे चपळ गडी एका जागेवरून उतरू लागले. दुपारी चारच्या सुमारास ते परत आले, तेव्हा त्यांनी जेमतेम एकतृतीयांश उतार पार केला होता. वरून माणसाएवढे भासणारे दगड सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहूनही उंच असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे तुकडीने शोध सोडला तो धैर्य सरले म्हणून नव्हे. कड्यावर पाणी नसल्यामुळे रोज संध्याकाळी आत दूरवर जाऊन ते शोधावे लागे, आणि असे फार दिवस निभणे शक्य नव्हते. डोळ्यांसमोर एक महानदी वाहत असताना तहानेमुळे माघार घ्यावी लागली, ही गोष्ट या भूप्रदेशाचे स्वरूप समजून घेण्यास पुरेशी आहे. होपी लोकांना नदीपर्यंतची वाट ठाऊक होती, मिठासाठी ते तेथे जात; त्यांनी ती परक्यांना दाखविली नाही, एवढेच.

वाट का सापडली नाही, याचे कारण थरांच्या क्रमात आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये वरून खाली येताना प्रथम कैबाब चुनखडक लागतो. तो सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याखाली तोरोवीप, मग फिकट रंगाचा कोकोनिनो वालुकाश्म, तांबडा हर्मिट शेल, सुपाई समूहाचे पायऱ्यापायऱ्यांचे थर, त्यानंतर रेडवॉल चुनखडकाची उभी भिंत, म्युआव्ह चुनखडक, हिरवट ब्राइट एंजल शेल, टेपीट्स वालुकाश्म आणि अगदी तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे, काळपट, रूपांतरित खडक. या शेवटच्या खडकाला भूशास्त्रात ‘विष्णु शिस्ट’ असे नाव आहे, हे वाचून मराठी वाचकास नवल वाटेल. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाचा या दरीवरील ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. दरीतील शिखरांना पौर्वात्य देवतांची नावे देण्याची प्रथा त्याने पाडली. त्यामुळेच तेथे विष्णु, शिव व ब्रह्मा यांची ‘मंदिरे’ उभी आहेत.

कठीण थराचा कडा होतो आणि मऊ थराचा उतार होतो, हा साधा नियम या जिन्याची रचना ठरवितो. चुनखडक व वालुकाश्म ओल्या हवेत झिजून गोलावतात. कोरड्या हवेत मात्र ते ताठ उभे राहतात. शेल सर्वत्रच ढासळतो व त्याचा घसारा होतो. उतरणाऱ्या गटाच्या दृष्टीने सर्वांत मोठा अडसर रेडवॉलचा. हा चुनखडक मुळात करडा आहे. वरच्या थरांतील लोहमिश्रित मातीच्या ओघळांनी त्याचे तोंड तांबडे झाले आहे. त्याची भिंत सामान्यतः दीडशे मीटरांच्या घरात उंच असून मैलोगणती अखंड चालते. जेथे विभंगामुळे थर फुटलेले आहेत, किंवा वरून ढासळलेल्या राडारोड्याने भिंतीला टेकण मिळाले आहे, तेथेच माणसाला उतार मिळतो. फ्लॅगस्टाफ येथील महाविद्यालयात गणित शिकविणारे हार्वी बुचार्ट (१९०७–२००२) यांनी बेचाळीस वर्षांत या दरीत १,०२४ दिवस घालवून सुमारे १२ हजार मैल पायी तुडविले आणि रेडवॉल ओलांडता येईल अशा शंभराहून अधिक जागा नोंदल्या. त्यांतील अनेक ठिकाणी प्राचीन रहिवाशांच्या वावराच्या खुणा त्यांच्या आधीच होत्या. तेथील गिर्यारोहक ज्याला शोध म्हणतात, तो पुष्कळदा पुनःशोध असतो.

रेडवॉल व म्युआव्ह यांच्या खाली ब्राइट एंजल शेल मऊ असल्यामुळे मागे हटला आहे, आणि त्याखालचा टेपीट्स कठीण असल्यामुळे पुढे राहिला आहे. परिणामी नदीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर दरीच्या अंगाने एक रुंद पायरी तयार झाली आहे. तिला टोंटो मंच म्हणतात. सह्याद्रीच्या भाषेत सांगायचे तर हा दरीचा ‘पदर’ होय. दरीत आडवे चालायचे असेल तर चालण्याजोगी जागा बहुतांशी हीच, आणि या पदरावरून जाणारी टोंटो वाट सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची आहे. नकाशावर ती नदीला समांतर दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक उपदरीपाशी तिला आत वळून, घळीचे मूळ गाठून, पलीकडच्या अंगाने पुन्हा बाहेर यावे लागते. समोरच्या सोंडेवर दगड फेकता येईल असे वाटते, आणि तेथे पोहोचण्यास अर्धा दिवस जातो.

आता पाण्याकडे वळावे. कड्यावर पडलेला पाऊस व वितळलेले हिम कैबाब चुनखडकाच्या भेगांतून खाली झिरपते. विभंगांच्या आधाराने ते रेडवॉल व म्युआव्ह या चुनखडकांत उतरते. तेथे विरघळून झालेल्या पोकळ्या व भुयारे आहेत. त्याखालचा शेल मात्र पाण्याला सहसा वाट देत नाही. अडलेले पाणी आडवे सरकते आणि जेथे दरीने हा सांधा उघडा पाडला आहे तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. उत्तरेकडील कड्याखाली ‘रोअरिंग स्प्रिंग्ज’ नावाचा जो प्रचंड झरा कड्यातून उसळतो, तो याच सांध्यावरचा. दक्षिण कड्यावरील वस्तीची तहान भागविण्यासाठी १९६५ ते १९७० या काळात त्याच्या पाण्याकरिता दरीतून आरपार नळमार्ग टाकण्यात आला. सह्याद्रीतही लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या सांध्यावर झरे फुटतात, आणि गडावरची टाकी कोठे खोदावीत हे जुन्या कारागिरांना त्यावरून समजत असावे. तत्त्व तेच, मात्र सह्याद्रीत पावसाचे माप मीटरांत करावे लागते व येथे सेंटिमीटरांत. म्हणून येथे प्रत्येक घळीत झरा नसतो. ज्या घळीमागे विभंग आहे व कड्यावर विस्तृत पाणलोट आहे, तेथेच तो बारमाही असतो. दक्षिण कडा नदीपासून दूर दक्षिणेकडे उतरता असल्यामुळे त्यावरचे पुष्कळसे पाणी दरीकडे येण्याऐवजी उलट दिशेस जाते. उत्तरेकडील झरे मोठे आणि दक्षिणेकडील लहान, याचे एक कारण हे आहे.

याचा प्रवाशांवर होणारा परिणाम टोंटो वाटेच्या पश्चिम भागात स्पष्ट दिसतो. साउथ बास वाटेपासून बूशेच्या ओढ्यापर्यंतच्या पंचेचाळीस किलोमीटरांहून अधिक टप्प्यात भरवशाचे बारमाही पाणी नाही. तेथील उपदऱ्यांना माणिक, पिरोजा, नीलमणी, अकीक अशा अर्थांची रत्नांची नावे आहेत. एवढी रत्ने आणि पेलाभर पाणी नाही. हा टप्पा तीन दिवसांचा धरला व माणशी दररोज पाच लिटर पाणी लागेल असे मानले, तर आठ जणांच्या गटास १२० लिटर, म्हणजे १२० किलोग्रॅम पाणी वाहावे लागेल. प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलोग्रॅम, अन्नवस्त्र वेगळे. उन्हाळ्यात पाच लिटर पुरत नाहीत. म्हणूनच जाणते लोक हा टप्पा हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंताच्या प्रारंभी, नुकताच पाऊस वा बर्फ पडून गेल्यावर करतात, म्हणजे घळीतील डबकी भरलेली असतात.

येथे एक शारीरिक सत्य ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉचेस्टर विद्यापीठाच्या ई. एफ. ॲडॉल्फ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात सैनिकांवर विस्तृत निरीक्षणे केली. ती १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतून असे दिसून आले की, तापलेल्या हवेत काम करणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो आणि पाणी कमी प्यायल्याने हा घाम कमी होत नाही. पाणी राखून ठेवणे म्हणजे ते शरीराऐवजी बाटलीत ठेवणे एवढेच होय. दुसरे असे की, तहान ही विश्वासू मापक नाही. समोर पाणी असूनही चालणारा मनुष्य गमावलेल्या पाण्याहून कमी पितो व जेवणाच्या वेळी ती तूट भरून काढतो. पाण्याचा खर्च खरोखर कमी करण्याचे उपाय मोजकेच : सावलीत थांबणे, अंग झाकणे आणि पहाटे वा रात्री चालणे. १९९० नंतरच्या दशकात ग्रँड कॅन्यनमध्येच डॉक्टरांना याची दुसरी बाजूही आढळली. काही न खाता, मीठ न घेता केवळ पाणी पीत राहिलेल्या लोकांच्या रक्तातील सोडियम घटून ते भ्रमिष्ट झाल्याचे दिसले. वरवर पाहता लक्षणे उष्माघातासारखीच, उपाय मात्र उलटा. चिमूटभर मीठ व खाऊ यांचे महत्त्व अशा प्रवासात पाण्याखालोखाल आहे.

एवढ्या विवेचनानंतर गटाच्या आकाराचा प्रश्न नीट मांडता येतो. मनुष्य एकट्याने रानात जाऊ नये, हा सल्ला सर्वत्र दिला जातो व तो रास्तही आहे. पाय मुरगळलेल्या माणसाजवळ एकाने थांबावे व दोघांनी मदतीस जावे, यासाठी निदान चौघे असावेत. यावरून माणसे जितकी अधिक तितकी सुरक्षितता अधिक, असे अनुमान काढले जाते. दरीप्रदेशात हे अनुमान टिकत नाही. तंबू, स्टोव्ह, दोर, औषधपेटी यांचे ओझे वाटून घेता येते. माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला ते कमी येते. पाण्याचे तसे नाही. ते डोईमागे वाढतच जाते आणि वाटून हलके होत नाही. उलट वाटेत मिळणारे पाणी ठरावीकच असते. एखाद्या डबक्यात साठ लिटर पाणी असेल तर चौघांचा तेथे सुखाने मुक्काम होतो. बारा जणांना ते रात्रीचा स्वयंपाक व उद्याचा प्रवास मिळून पुरत नाही.

वेळेचा हिशेब याहून कठोर आहे. घळीत सहा मीटरांचा एक उभा टप्पा लागला व दोराने पिशवी खाली सोडून स्वतः उतरण्यास माणशी चार मिनिटे लागली, तर चौघे सोळा मिनिटांत खाली जातात आणि दहा जणांना चाळीस मिनिटे लागतात. असे तीन टप्पे एका दिवसात आले तर मोठ्या गटाचा सव्वा तासाच्या आसपास वेळ जास्त गेला. तो वेळ बहुधा भर दुपारचा असतो आणि त्याची किंमत घामाने मोजावी लागते. त्यात गटाची चाल सर्वांत मंद माणसाची असते, हे वेगळे सांगावयास नको. त्या माणसाला मागे टाकून पुढे जाणारा गट, भूगोल काहीही सांगो, गट राहत नाही.

झरा नसेल तेथे आधार असतो तो कातळातील खळग्यांचा. यूटातील उघड्या वालुकाश्मावर पसरट बशीपासून पुरुषभर खोल कुंडापर्यंत सर्व आकारांचे खळगे आढळतात. स्पॅनिश भाषिकांनी त्यांना ‘तिनाहा’ हे नाव दिले. त्याचा अर्थ पाण्याचा मोठा मातीचा घडा. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात असलेल्या खळग्यांना मराठी माणसाने रांजणखळगे म्हणावे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला दुसऱ्या भाषेने नेमकी तीच उपमा शोधावी, हा योग मोठा मनोहर आहे. मात्र दोहोंची उत्पत्ती सर्वस्वी एक नाही. कुकडीचे रांजण प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी घासून केलेले आहेत. वालुकाश्मावरील अनेक खळग्यांना प्रवाहच नसतो. साचलेले पाणी वाळूच्या कणांना जोडणारे द्रव्य विरघळविते आणि सुटे झालेले कण वारा व पावसाचे पाणी बाहेर काढते. असे खळगे पावसानंतर काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत पाणी राखतात. त्यात तुकतुकीत पाठीचे ढालकोळंबीसारखे व परीकोळंबीसारखे इवले जीव राहतात. त्यांची अंडी वर्षानुवर्षे कोरडी राहूनही पाणी मिळताच फुटतात. पश्चिम घाटातील सड्यांवर पावसाळी डबक्यांतही असे जीव आढळतात. घामट अंगाने वा मलम लावलेल्या हातांनी अशा खळग्यात उतरल्यास ते जीव मरतात व पाणीही पिण्यालायक राहत नाही. भांड्याने पाणी वर काढून घ्यावे व तळ ढवळू नये, हा तेथील शिष्टाचार केवळ निसर्गप्रेमाचा नव्हे. मागून येणाऱ्या तहानलेल्यासाठी तो आहे.

आतापर्यंत पाण्याच्या अभावाचा विचार झाला. या मुलखाचा विपरीत गुण असा की, येथे पाणी एकाएकी फार होऊनही माणसे मरतात. यूटा व ॲरिझोना यांच्या सीमेवर परीया नदीची घळई आहे. व्हाइट हाउस या ठिकाणापासून नदीच्या मुखाशी असलेल्या लीज फेरीपर्यंत ६१ किलोमीटरांची ही वाट बहुतेक पात्रातूनच, घोट्याएवढ्या गढूळ पाण्यातून जाते व चार-पाच दिवस घेते. नदीचे पाणी गाळाने इतके भरलेले असते की, ते भांड्यात निवत ठेवून किंवा तुरटी फिरवूनच गाळणीतून काढावे लागते. शहाणे प्रवासी कड्याच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या झऱ्यांवर भिस्त ठेवतात. तिला मिळणारी बकस्किन ही उपघळ सुमारे २४ किलोमीटर लांब असून कित्येक ठिकाणी दोन्ही हात पसरले असता भिंतींना टेकतात. मधल्या भागात एक अवघड चढण सोडल्यास तिच्यातून बाहेर पडण्यास वाट नाही. परीयाच्या मुखाजवळ १७७६ साली डोमिंगेझ व एस्कालांते या पाद्र्यांचा संघ नदी ओलांडता न आल्याने अडकला होता. त्यांनी त्या तळाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘निघता येत असेल तर निघ’ असा होतो.

जुलै ते सप्टेंबर या काळात येथेही मोसमी वारे येतात व दुपारी वादळी पाऊस पडतो. उघडा कातळ पाणी शोषत नाही, झाडी अडवीत नाही. पाणलोटावर पडलेला प्रत्येक थेंब थेट घळीत येतो. रुंद पात्रात गुडघाभर चढणारे पाणी अरुंद खाचेत काही मिनिटांत अनेक पुरुष उंच चढते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप घळीत अशा लोंढ्याने अकरा पर्यटकांचा बळी घेतला. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल नावाच्या घळीत सात जणांचा संपूर्ण गट मृत्यू पावला, आणि त्याच दिवशी जवळच्या हिल्डेल गावात पुराने तेरा स्त्रिया व मुले वाहून नेली. घळीत चालणाऱ्याला आकाशाची फक्त एक फीत दिसते. ती निळी आहे यावरून पाणलोटावर काय चालले आहे हे समजत नाही. त्यामुळे लोंढ्यासंबंधीचा निर्णय घळीत शिरल्यावर घेता येत नाही. तो वर, उघड्यावर, संपूर्ण पाणलोटाचा विचार करून घ्यावा लागतो.

अशा वेळी गटाचे मन हे एक स्वतंत्र संकट होऊन बसते. परवाना महिनोन्‌महिने आधी मिळविलेला, रजा ठरलेली, मोटार दुसऱ्या टोकाला उभी करून ठेवलेली. त्यात एकाच्या मनात शंका आली तरी सर्वांचा बेत मोडण्याचे धैर्य त्याला होत नाही. ज्या गटांत ‘एकाने नको म्हटले की कोणी शिरायचे नाही’ असा नियम घरून निघण्यापूर्वीच ठरलेला असतो, त्यांत हे ओझे एकट्यावर पडत नाही. ही बाब दोराइतकीच साहित्याच्या यादीत धरावयास हवी.

गटाचा आकार शासनानेही ठरवून दिलेला आहे. परीया घळईत मुक्कामी जाणारा गट दहा जणांहून मोठा असू नये व एका दिवशी एकंदर वीस जणांनाच प्रवेश मिळावा, असा नियम आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये गटाची कमाल मर्यादा अकरा आहे. यामागील कारणे केवळ सुरक्षिततेची नाहीत. या प्रदेशातील मोकळ्या जमिनीवर सूक्ष्म शैवालसदृश जीव, दगडफूल व शेवाळ यांची काळसर, खडबडीत साय धरलेली असते. तीच मातीला बांधून ठेवते, ओल राखते व हवेतील नत्र जमिनीत आणते. एका पावलाने ती चुरडते आणि पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. म्हणून गटाने कातळावरून वा ओढ्याच्या वाळूतून, आणि माती टाळता येत नसेल तर एकामागे एक, चालावे लागते. परीयासारख्या बंदिस्त घळईत मानवी मैलाही पिशवीत भरून बाहेर आणावा लागतो. कोरड्या हवेत व निर्जीव वाळूत तो कुजत नाही, आणि प्यावयाचे झरे मुक्कामाच्या जागांना लागूनच असतात.

तथापि झरा आहे, गटही लहान आहे, ऋतूही योग्य आहे, आणि तरीही पाणी पिता येत नाही, असा एक प्रसंग या दरीत आहे. दक्षिण कड्यावरील हर्मिट वाटेने उतरून टोंटो पदरावरून पूर्वेस जाणारा व ब्राइट एंजल वाटेने वर येणारा तीन-चार दिवसांचा फेरा नवख्या गटांत लोकप्रिय आहे. त्यात हर्मिट व मॉन्युमेंट या ओढ्यांना बारमाही पाणी असते. त्यापुढे बागेसारखे हिरवे, झऱ्याचे ठिकाण सुमारे सतरा किलोमीटरांवर येते. तेथे हवासुपाई लोक शेती करीत. त्यांच्यापैकी शेवटच्या रहिवाशाला १९२८ साली तेथून घालविण्यात आले आणि २०२२ साली त्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. त्या लोकांच्या नावाचाच अर्थ निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक असा आहे. मॉन्युमेंट व ही बाग यांच्या दरम्यान हॉर्न ओढा लागतो. पावसाळी दिवसांत त्यात पाणी खळखळत असते. त्याच्या माथ्यावर, कड्याच्या अगदी खाली, १८९३ साली तांब्यासाठी हक्क नोंदविलेली एक खाण आहे. १९५६ ते १९६९ या काळात तीतून युरेनियम काढण्यात आले. हॉर्न ओढ्याचे पाणी किरणोत्सर्गी असल्याने, तहानेने मरण येण्याचीच वेळ आल्याशिवाय ते पिऊ नये, असा उद्यानाचा इशारा आहे. गाळणीने वा उकळण्याने हा दोष जात नाही. म्हणून मॉन्युमेंटच्या ओढ्यावर पहाटे निघताना प्रत्येक गट पुढच्या सतरा किलोमीटरांचे सर्व पाणी भरून घेतो, आणि दुपारी वाहत्या ओढ्याच्या काठावरून, पाठीवरचे पाणी पीत, पुढे जातो.